मुंबईहून स्कीइंगच्या सहलीचे नियोजन: आधी बर्फावरचे दिवस मोजा

मुंबईहून काश्मीरला जाणाऱ्या सहा रात्रींच्या सहलीत गुलमर्गच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचे, गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट चढवायचे, गोंडोलाच्या म्हणजे केबलकारच्या रांगेत उभे राहायचे, कोणीतरी पायांना स्की बांधून दिल्यावर पन्नास पावले घसरून छायाचित्र काढायचे आणि अंधार पडण्यापूर्वी खाली उतरायचे. बर्फ पाहण्यासाठी एवढा दिवस पुरतो, पण स्कीइंग शिकण्यासाठी तो मुळीच पुरत नाही. पायाखालची जमीन सरकत असताना गुडघे वाकवून, वजन पुढे ठेवून उभे राहायला शरीर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तयार होते आणि खरा आनंद त्यानंतर सुरू होतो. बहुतेक लोक नेमके त्याआधीच परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून नवशिक्या कुटुंबाला मी एकच आग्रह करतो. एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाबरोबर, सलग पाच दिवस बर्फावर काढा आणि स्थळ, महिना, खर्च, कपडे या बाकीच्या गोष्टी त्या पाच दिवसांना धरून ठरवा.

सुट्टीचा हिशेब

नोकरदार मुंबईकराला हे पाच दिवस वाटतात तितके महाग पडत नाहीत. शनिवारी सकाळच्या विमानाने निघून संध्याकाळपर्यंत गुलमर्ग गाठावे, रविवार उंचीची सवय होण्यासाठी आणि बूट-स्की मापून घेण्यासाठी ठेवावा, सोमवार ते शुक्रवार उतारावर घालवावेत, शनिवारी श्रीनगरला उतरावे आणि रविवारी घरी यावे. नऊ दिवसांच्या या सहलीला कार्यालयातील पाचच रजा लागतात आणि त्या आठवड्यात २६ जानेवारी किंवा १९ फेब्रुवारीची शिवजयंती येत असेल तर चारच. परतीच्या आधीचा शनिवार मोकळा ठेवणे ही चैन नव्हे. हिमवृष्टीत गुलमर्गचा रस्ता आणि श्रीनगरचा विमानतळ दोन्ही काही तास किंवा अख्खा दिवस बंद पडू शकतात आणि तो दिवस हाताशी नसेल तर परतीचे तिकीट वाया जाते.

महिना निवडताना शाळेची सुट्टी आणि बर्फ यांचे जमत नाही, हे आधीच स्वीकारावे लागते. नाताळच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, पण डिसेंबरअखेर उतारावर पुरेसा थर साचलेला असेलच याची खात्री नसते. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. थर साचतो तो मुख्यतः पहिल्या चाळीस दिवसांत. म्हणून नवशिक्यांसाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्या वर्षी हा बेत पुढे ढकलणेच योग्य. खालच्या इयत्तांसाठी शाळेला दोन महिने आधी लेखी कळवून परवानगी मागावी.

भरवशाचा काळही दगा देतो, याची तयारी ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा अपुऱ्या बर्फामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. त्यामुळे तारीख बदलता येणारे विमानाचे तिकीट थोडे अधिक पैसे देऊन घ्यावे, हॉटेलचे रद्द करण्याचे नियम लेखी मागावेत आणि निघण्याच्या दहा दिवस आधीपासून तिथल्या प्रशिक्षकाला रोज फोन करून उतारावर किती फूट बर्फ आहे ते विचारावे. हॉटेलवाल्यापेक्षा प्रशिक्षकाचे उत्तर अधिक खरे असते.

कुठे जावे

मुंबईकरासाठी पहिली निवड गुलमर्ग, याचे साधे कारण प्रवास. मुंबई-श्रीनगर थेट विमान सुमारे तीन तासांत पोहोचते आणि श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटरवर आहे. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासूनच्या चढाचे असून हिवाळ्यात तिथे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना ताकद मिळणारी स्थानिक गाडी घ्यावी लागते. श्रीनगरहून ठरवलेला चालक तंगमर्गलाच थांबणार की वरपर्यंत नेणार, हे मुंबईतूनच स्पष्ट करून घ्यावे, कारण बर्फात उभे राहून दुसऱ्या गाडीचा भाव ठरवण्याची पाळी आली तर घासाघीस करण्याची ताकद आपल्याकडे उरत नाही.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार जगभरातील निष्णात स्कीपटूंना खेचून आणतात आणि नेमक्या त्याच कारणाने ते नवशिक्याचे काम नाही. आपले पाच दिवस जातात गावातल्या गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारांवर आणि शेवटी, प्रशिक्षकाने होकार दिला तर, पहिल्या टप्प्यावर. गोंडोलाची तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून ओळखपत्राच्या नावाने आधीच काढावीत. वारा वाढला किंवा हिमस्खलनाचा धोका असला तर वरचा टप्पा बंद राहतो, म्हणून त्याच्यासाठी एखादा विशिष्ट दिवस मनात धरून बसू नये.

औली हे उत्तराखंडातील ठिकाण शिकण्यासाठी उत्तम आहे. २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यानचे उतार, समोर नंदादेवी आणि गुलमर्गपेक्षा कमी गर्दी. अडचण आहे ती पोहोचण्याची. लोकमान्य टिळक टर्मिनसहून हरिद्वारला रेल्वेने किंवा विमानाने देहरादूनला जावे लागते आणि ऋषिकेशपासून जोशीमठचा सुमारे २५० किलोमीटरचा घाटरस्ता पूर्ण दिवस खातो. जोशीमठहून औलीला नेणारा रज्जुमार्ग तिथली जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे वरपर्यंतचा प्रवास रस्त्यानेच होईल असे धरून चालावे. नऊ दिवसांच्या हिशेबात औली बसत नाही. अकरा दिवस हाताशी असतील तरच तिचा विचार करावा. मनालीजवळचे सोलंग ज्यांना आठवड्याच्या सुट्टीत दोन दिवस चव घ्यायची आहे त्यांच्यासाठी ठीक, मात्र तिथे पर्यटकांची वर्दळ फार आणि बर्फाचा भरवसा कमी.

परदेशाचा विचार करणाऱ्यांना आल्प्सच्या तुलनेत कमी खर्चात कझाकस्तानातील अल्माटीजवळचे शिम्बुलाक किंवा जॉर्जियातील गुदाउरी परवडते. तिथले उतार यंत्राने सपाट केलेले आणि खुणा लावलेले असल्याने शिकणे सोपे जाते. आल्प्सला जायचे असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तरीही पहिले पाच दिवस देशातच काढावेत असे माझे मत आहे. स्कीइंग आपल्या गुडघ्यांना आणि मनाला मानवते की नाही, हे कळण्यासाठी लाखांची उलाढाल करण्याची गरज नाही.

प्रशिक्षण: संस्था की खासगी शिक्षक

या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा खर्च हाच आहे, म्हणून इथे घाई करू नये. पहिला मार्ग म्हणजे संस्थेचा अभ्यासक्रम. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडळ विकास निगमाचे अभ्यासक्रम चालतात आणि मनालीला अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था आहे. इथे ठरावीक तारखांना तुकड्या निघतात, शिस्त कडक असते, राहणे-जेवण-साहित्य बहुधा शुल्कातच येते आणि एकट्याने जाणाऱ्या तरुण-तरुणींसाठी यासारखी दुसरी सोय नाही. जागा मर्यादित असल्याने हंगामाचे वेळापत्रक जाहीर होताच अर्ज करावा आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा.

दुसरा मार्ग खासगी प्रशिक्षकाचा. लहान मुले, पन्नाशीपुढचे पालक आणि वेगवेगळ्या गतीने शिकणारे कुटुंब असेल तर हाच बरा. प्रशिक्षक नोंदणीकृत आहे का, एका वेळी तो किती जणांना शिकवणार, दिवसाचे किती तास देणार, स्की-बूट-काठ्या-हेल्मेट दरात धरले आहेत की वेगळे, हे सारे आधी संदेशात लिहून मागवावे. एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा अधिक नवशिके नसावेत. पहिल्या खेपेला आम्ही सात जणांनी मिळून एकच शिक्षक घेतला होता, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला तासातून जेमतेम आठ मिनिटे आली आणि उरलेला वेळ थंडीत उभे राहण्यात गेला. वाचवलेल्या पैशांत आम्ही दोन दिवस गमावले. उतारावर उभे राहून ‘मी शिकवतो, चला’ म्हणणाऱ्याबरोबर लगेच जाऊ नये, मात्र चांगला शिक्षक मिळाला तर पाचही दिवस तोच ठेवावा, कारण आपली नेमकी चूक त्याला दुसऱ्या दिवशी कळलेली असते.

मुक्काम

तंगमर्गला खोल्या स्वस्त मिळतात, परंतु रात्री बर्फ पडला की सकाळी वर जाणारा रस्ता उघडण्याची वाट पाहावी लागते आणि सकाळचा चांगला बर्फ हातचा जातो. उतारापासून चालत जाता येईल अशी गुलमर्गमधील साधी खोली मला अधिक योग्य वाटते. खोली ठरवताना दृश्याआधी उष्णतेबद्दल विचारावे. मध्यवर्ती तापवणी आहे की लाकडाची बुखारी, म्हणजे खोली तापवणारी शेगडी, वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो, ओले बूट आणि हातमोजे कुठे वाळवतात, सकाळी नळ गोठतात का? बंद खोलीत बुखारी, कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला संपवतो. रात्री शेगडी विझवून गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. कुटुंबात किमान दोघांकडे पोस्टपेड असावे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर झालेल्या हल्ल्यानंतर खोऱ्यातील अनेक स्थळे काही काळ बंद ठेवली गेली होती, हे लक्षात घेऊन आरक्षणाआधी आणि निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात.

आठ आठवड्यांची तयारी

मुंबईत बर्फ नाही, पण जिने भरपूर आहेत. स्कीइंगमध्ये मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना वजन पेलतात, आणि हे काम जिना चढताना होते त्याहून उतरताना अधिक होते. म्हणून लिफ्टने दहाव्या मजल्यावर जाऊन सावकाश, कठड्याला न धरता उतरण्याचा सराव आठवड्यातून चार दिवस करावा. गुडघ्यांना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे दीड मिनिट बसता येणे, एका पायावर डोळे मिटून वीस सेकंद उभे राहणे आणि थांबत-थांबत पंचवीस बैठका काढणे, एवढे जमले की पहिल्या दिवसासाठी पाय तयार झाले. रविवारी राजमाची किंवा कळसूबाई केले तर फारच उत्तम. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपण राहणार त्या जागेपेक्षाही हजार मीटरने खाली, परंतु तिथला लांबलचक उतार मांड्यांची जी परीक्षा घेतो ती व्यायामशाळेत घेतली जात नाही.

कपडे आणि बूट

स्की, काठ्या आणि बूट विकत घेऊ नयेत. अंगाला चिकटणारे आणि भिजल्यावर त्रास देणारे कपडे मात्र स्वतःचे असावेत. आतून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, मध्ये फ्लीस, वरून पाणी न शिरणारे जॅकेट आणि तशीच विजार असे तीन थर पुरतात. सुती बनियन आणि जीन्स या दोन गोष्टी पूर्ण टाळाव्यात. सूत घाम धरून ठेवते आणि दुपारनंतर तोच घाम अंग गोठवतो. हातमोजे जलरोधक आणि शक्यतो दोन जोड घ्यावेत, कारण नवशिका दिवसभरात बर्फात हात टेकून पन्नास वेळा उठतो. डोळ्यांना धुके न धरणारा स्की-गॉगल हवा, साधा काळा चष्मा पुरत नाही. प्रत्येक हजार मीटर उंचीला अतिनील किरणे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावावे. हेल्मेटबद्दल तडजोड नको. भाड्याचे मिळते त्याची आतली गादी आणि पट्टा तपासून घ्यावा.

बुटांना मात्र रविवारचा निवांत तास द्यावा. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे असतात आणि ते चुकले तर उरलेले सारे चुकते. पायात गुडघ्यापर्यंत येणारा एकच पातळ लोकरी मोजा घालावा. ऊब वाढेल म्हणून दोन जोड घातले की मध्ये घडी पडते, रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट अधिक गार पडतात. थर्मलची विजारही बुटाच्या आत खोचू नये. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. चालताना टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. दहा मिनिटे दुकानातच घालून बसावे आणि मुंग्या आल्या तर बदलून घ्यावे. स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान असावी. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी यंत्रणा, आपले वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून जुळवायची असते, जेणेकरून पडताना स्की सुटून गुडघा वाचेल. दुकानदाराने हे न विचारता स्की हातात दिली, तर दुसरे दुकान गाठावे.

उतारावरचे पाच दिवस

पहिल्या दिवशी एकाच पायात स्की घालून चालणे, आडवे होऊन चढणे आणि पडणे शिकायचे. पडताना मागे न बसता बाजूला पडावे, घसरत असताना उठण्याचा प्रयत्न करू नये आणि काठीचा पट्टा अंगठ्यात अडकू देऊ नये, कारण काठीवर पडून अंगठ्याचा अस्थिबंध फाटणे ही स्कीइंगमधली नेहमीची दुखापत आहे. दुसऱ्या दिवशी स्कींची टोके जवळ आणि मागचे भाग दूर ठेवून वेग रोखण्याची नांगराची रीत येते, तिसऱ्या दिवशी त्याच रीतीने वळणे. तिसऱ्या दुपारी मांड्या संपतात, म्हणून चौथ्या दिवशी अर्धाच दिवस ठेवावा आणि उरलेला झोपण्यात घालवावा. पाचव्या दिवशी मिळणारा फरक पाहून आपले आपल्यालाच आश्चर्य वाटते. ‘आता शेवटची एक फेरी’ हा मोह मात्र टाळावाच, कारण थकलेले पाय आणि दुपारनंतर पुन्हा गोठू लागलेला बर्फ एकत्र आले की अपघात होतात. आपल्यापेक्षा खाली असलेल्या माणसाचा रस्त्यावर पहिला हक्क असतो, हा जगभरचा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा.

अडीच हजार मीटरवर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही उंचीची लक्षणे असू शकतात. भरपूर पाणी प्यावे, दारू टाळावी आणि त्रास वाढला तर वर न जाता तंगमर्गच्या दिशेने खाली उतरावे. पहिल्याच दिवशी गोंडोलाने दुसरा टप्पा गाठणे मी कोणालाही सुचवणार नाही.

दोरी किंवा फलक लावून बंद केलेल्या भागात पाऊल टाकू नये. गुलमर्गमध्ये फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अनुभवी परदेशी स्कीपटू हिमस्खलनात दगावले. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. संदेशयंत्र (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारे), शोधकाठी आणि फावडे जवळ नसलेल्या नवशिक्याने आखलेल्या उतारापलीकडे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव सोपवणे. सकाळी निघताना त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना वाचण्याची सवय लावावी.

विम्याची कागदपत्रे घरीच वाचून निघावे. आपल्या आरोग्य विम्यातील नेहमीचे अपवादकलम साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू असते. प्रवास विम्यात मात्र हिवाळी खेळ अनेकदा सरसकट वगळलेले असतात आणि ते जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात. बर्फावरून सुटका आणि रुग्णवाहिकेचा खर्च त्यात येतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

न उतरणाऱ्यांची सोय

घरातील आजी-आजोबांना पाच दिवस हॉटेलच्या खिडकीत बसवून ठेवणे बरे नाही. त्यांना दोन दिवस गुलमर्गला ठेवून मग श्रीनगरला, दल सरोवराच्या काठी, भरवशाच्या मुक्कामी पाठवावे आणि शनिवारी सगळ्यांनी तिथे एकत्र यावे. सामानात डिंकाचे लाडू, भाजणी आणि सुकामेवा अवश्य असावा. थंडीत भूक वारंवार लागते आणि उतारावर मिळते ते मुख्यतः मॅगी आणि कहवा. लाडवाचा तुकडा जॅकेटच्या आतल्या खिशात, मोबाइलच्या शेजारी ठेवावा. तिथे लाडू दगड होत नाही आणि गारठ्याने मोबाइलची बॅटरीही बसत नाही.

परतताना श्रीनगर विमानतळावर उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचावे, कारण प्रवेशद्वाराबाहेरच सामान उतरवून तपासले जाते आणि आत पुन्हा तपासण्या होतात. घरी आल्यावर जॅकेट, विजार आणि हातमोजे सौम्य साबणाने धुऊन, उन्हात नव्हे तर पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत. ओलसर राहिलेले जॅकेट मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते आणि त्याचा जलरोधक थर सुटू लागतो. म्हणून जूनपूर्वी ते सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद पेटीत ठेवावे आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा बाहेर काढून पाहावे.